ज्या राजानं कैदेत टाकलं, त्याच्याच नगरीत रुग्णसेवा : संत जुझे वाझ यांची क्षमेची वाट

गोव्यातल्या सांकवाळ गावात दरवर्षी १६ जानेवारीला संत जुझे वाझ यांचं फेस्त होतं. आजूबाजूच्या गावांतून भाविक येतात, मिस्सा होते, मेणबत्त्या लागतात. गोव्याबाहेरच्या मराठी माणसाला हे नाव तसं कमीच ठाऊक. श्रीलंकेत मात्र जाफनाचा तमिळ कॅथलिक आणि नेगोंबोचा सिंहली कॅथलिक, दोघंही त्यांना आपलं मानतात. सिलोनचे प्रेषित अशी त्यांची ओळख आहे.

त्यांच्या धर्मप्रसाराबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. इथे त्यांच्या आयुष्यातला एक वेगळा धागा धरायचा आहे. आपलं वाईट करणाऱ्याशी माणसानं कसं वागावं, हा तो धागा. ख्रिस्ती धर्मात क्षमेला फार वरचं स्थान आहे, पण मंचावरून क्षमेबद्दल बोलणं सोपं असतं. खोटा आळ घेणारा माणूस रोज त्याच गावात डोळ्यांसमोर वावरत असेल, तर? वाझ यांच्यावर नेमकी तीच वेळ आली होती.

सांकवाळचा मुलगा

जुझे वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टीतल्या बाणावली या आजोळच्या गावी झाला. वडील क्रिस्तोव्हांव वाझ सांकवाळचे, आई मारिया दि मिरांडा बाणावलीची. सहा भावंडांत जुझे तिसरे. घराणं कोंकणी बोलणारं, मूळचं ब्राह्मण, आधीच्या पिढ्यांत ख्रिस्ती झालेलं.

सांकवाळला ते पोर्तुगीज शिकले, बाणावलीला लॅटिन. पुढचं शिक्षण जुन्या गोव्यात झालं आणि १६७६ मध्ये ते पाद्री झाले. लवकरच ते अनवाणी चालू लागले, गरिबासारखे राहू लागले. सांकवाळला त्यांनी मुलांसाठी लॅटिनची शाळा काढली. १६७७ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी एक लेख लिहून ठेवला आणि त्यात स्वतःला कायमचं मारिया मातेचा दास म्हणवून घेतलं. आजच्या वाचकाला ही गोष्ट जरा विचित्र वाटेल. पण पुढचं आयुष्य पाहिलं की तिचा अर्थ लागतो. ज्यानं मान आधीच कुणाच्या तरी पायाशी ठेवून दिला, त्याचा अपमान करायला दुसऱ्याच्या हाती फारसं काही उरत नाही.

त्या काळच्या गोव्यात स्थानिक पाद्र्यांना दुय्यम वागणूक मिळायची. कातडीचा रंग आणि जन्म पाहून दारं उघडत नि बंद होत. युरोपीय धर्मसंघांत गोमंतकीयांना सहसा प्रवेश नसे. म्हणून जुन्या गोव्यात काही गोमंतकीय पाद्री एकत्र राहून प्रार्थना आणि सेवा करू लागले. १६८५ मध्ये वाझ त्यांच्यात सामील झाले आणि त्यांनी त्या मंडळीला ओरेटरी संघाची घडी बसवून दिली. दार बंद करणाऱ्यांशी भांडत बसण्यात त्यांनी वेळ घालवला नाही. आपलं वेगळं घर उभं केलं आणि कामाला लागले.

कानडी किनाऱ्यावरचा वाद

त्याआधी, १६८१ मध्ये, त्यांना कानडी किनाऱ्यावर पाठवण्यात आलं होतं. मंगळूर, बसरूर, गंगोळी, कुंदापूर हा तो भाग. तिथल्या ख्रिस्ती लोकांत चांगलीच फूट पडली होती. पोर्तुगालच्या राजाच्या पाद्रोआदो हक्काखाली हा मुलूख येतो, असं गोव्याचं म्हणणं. उलट रोमनं तोमास दि कास्त्रो यांना तिथला धर्माधिकारी म्हणून नेमलेलं. गंमत म्हणजे कास्त्रोही गोव्याचेच, दिवाडीचे. एका बाजूचा पाद्री दुसऱ्या बाजूनं दिलेले संस्कार अवैध ठरवायचा. आपलं लग्न खरं की खोटं, आपलं पापनिवेदन देवापर्यंत पोचलं की नाही, या काळजीनं साधी माणसं हैराण झाली होती.

वाझ गोव्याच्या बाजूनं गेलेले. अधिकाराचा हट्ट धरला असता तर गोव्यात त्यांना कुणी नावं ठेवली नसती. पण लोकांचं नुकसान थांबवायचं म्हणून त्यांनी कास्त्रोंशी जुळवून घ्यायचा मार्ग काढला. रोमचा निकाल येईपर्यंत वाद उघडपणे पेटवायचा नाही, असं धोरण ठेवलं. १६८४ मध्ये ते परतले. दोन अधिकारी भांडतात तेव्हा खरा मार तिसऱ्यालाच बसतो, हे त्यांनी तिथे जवळून पाहिलं. सीमाभागात राहणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

हमालाच्या वेशात

सिलोनमध्ये तेव्हा काय चाललं होतं ते थोडक्यात सांगायला हवं. डचांनी १६५६ मध्ये कोलंबो आणि १६५८ मध्ये जाफना पोर्तुगिजांकडून घेतलं. डच कॅल्विनपंथी. पोर्तुगिजांचा धर्म म्हणून त्यांनी कॅथलिक पाद्र्यांना हाकलून दिलं आणि मिस्सेवर बंदी घातली. जवळजवळ तीस वर्षं तिथल्या कॅथलिकांना पाद्री कसा तो दिसला नव्हता. पोरं जन्मत, म्हातारी माणसं मरत. शेवटचे संस्कार करायला कुणी नाही.

ही गोष्ट वाझ यांच्या मनाला लागली. १६८६ मध्ये त्यांनी गोवा सोडलं. किनाऱ्या-किनाऱ्यानं दक्षिणेकडे जात ते तुतिकोरिनला पोचले. सोबत जुआंव नावाचा सेवक होता. तिथून १६८७ मध्ये दोघं होडीनं निघाले. वादळ, उपासमार, मग मन्नार आणि पुढे जाफना. पाद्र्याचा झगा उतरवून वाझ यांनी कमरेला फक्त पंचा गुंडाळला होता. हमालांच्या, भिकाऱ्यांच्या मेळ्यात मिसळून ते शहरात शिरले. तिथे पोचताच हगवणीनं आजारी पडले आणि मरता मरता वाचले.

कॅथलिक कोण हे ओळखायचं कसं? विचारलं तर डचांच्या कानावर जायचं. त्यांनी गळ्यात जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागत फिरू लागले. माळेकडे पाहून कुणाचा चेहरा बदलतो, यावर त्यांची नजर असायची. हळूहळू एकेक घर कळत गेलं. मग रात्री दारं लावून मिस्सा, पापनिवेदन, बाप्तिस्मा. जाफनाजवळचं सिल्लालै गाव त्यांचं ठाणं झालं.

या जपमाळेकडे जरा थांबून पाहू. दर दहा मण्यांच्या आधी एकदा प्रभूची प्रार्थना म्हणायची असते. या प्रार्थनेत भक्त देवाकडे भाकरी मागतो आणि आपल्या अपराधांची क्षमाही मागतो. पण ही दुसरी मागणी एका अटीसह येते : आम्ही आमच्या अपराध्यांना क्षमा करतो, त्याप्रमाणे. म्हणजे भक्तानं स्वतःच्या तोंडानं स्वतःवर घालून घेतलेली अट. वाझ ती अट दिवसातून कितीतरी वेळा उच्चारत होते. जी माळ गळ्यात असल्यामुळे त्यांचा जीव धोक्यात होता, त्याच माळेवर ते जीव घेऊ पाहणाऱ्यांनाही क्षमा करायचं रोज कबूल करत होते.

डचांना सुगावा लागला. धरपकड सुरू झाली. वाझ निसटले, पण त्यांना आसरा देणाऱ्यांना तुरुंग आणि फटके भोगावे लागले. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. छळ करणारे आणि छळ सोसणारे दोघंही ख्रिस्तीच होते. क्रूस एकच, प्रार्थना एकच. आपल्याच माणसानं केलेला घाव जास्त खोल जातो, हे घरातल्या भांडणातही आपण पाहतो.

एका माणसाचा आरोप

१६९० मध्ये वाझ पुत्तलमला आले. हा मुलूख डचांच्या ताब्यात नव्हता, कँडीच्या राजाचा होता. तिथून कँडी नगरीत जाऊन राजाच्या आश्रयानं मोकळेपणी काम करावं, असा विचार ठरला. आंतोनियो दि ओर्ता या पुत्तलमच्या ख्रिस्ती माणसानं मध्यस्थी केली.

कँडीच्या दरबारात तेव्हा लानेरोल नावाचा एक फ्रेंच माणूस होता. ह्यूगेनॉट, म्हणजे फ्रान्समधला कॅल्विनपंथी. त्यानं राजाला सांगितलं, की येणारा पाद्री पोर्तुगिजांचा हेर आहे. राजा दुसरा विमलधर्मसूर्य याला ते पटलं. १६९२ मध्ये वाझ, ओर्ता आणि जुआंव यांना पकडून कँडीत बंदिस्त करण्यात आलं.

आरोप खोटा होता. पण तो का खपला, हे समजून घेतलं पाहिजे. पोर्तुगिजांनी कँडीवर पुन्हा पुन्हा स्वाऱ्या केल्या होत्या, लूट केली होती. गोव्याहून वेश पालटून आलेल्या पाद्र्यावर त्या राजानं डोळे झाकून विश्वास ठेवावा, असं काही घडलेलं नव्हतं. खुद्द गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय चालू होतं. सासष्टीतली देवळं पाडली गेली होती आणि कित्येक घरं आपले देव घेऊन नदीपलीकडे गेली होती. चर्चच्या आणि राजसत्तेच्या नावानं झालेल्या या गोष्टींची सावली त्या अनवाणी पाद्र्याच्या मागून चालत होती. त्यातलं एकही पाप त्यांनी स्वतः केलेलं नव्हतं. तरी संशयाचं बिल त्यांच्याच नावावर फाटलं.

आणि लानेरोल? त्याचीही कहाणी आहे. १६७२ मध्ये फ्रेंच आरमार त्रिंकोमालीला आलं, तेव्हा तो वकील म्हणून आधीच्या राजाकडे, दुसऱ्या राजसिंहाकडे गेला होता. दरबाराचे रिवाज त्यानं पाळले नाहीत. राजा संतापला, त्यानं त्याला बेड्या ठोकल्या. पुढे बेड्या निघाल्या, पण मायदेशी जाणं काही झालं नाही. इकडे फ्रान्समध्ये १६८५ साली चौदाव्या लुईनं ह्यूगेनॉटांना मिळालेलं संरक्षण काढून घेतलं आणि कॅथलिक राजाच्या त्या राज्यातून लाखो माणसं देशोधडीला लागली. म्हणजे ज्यानं वाझ यांना कैदेत लोटलं, तो स्वतः एकेकाळचा कैदी होता आणि त्याच्या पंथाची माणसं कॅथलिकांच्या हातून पोळलेली होती.

याचा अर्थ त्यानं केलं ते बरोबर, असा नाही. निरपराध माणसावर खोटा आळ घेणं हे पापच. पण अन्याय करणारा बहुतेक वेळा स्वतः कुठेतरी जखमी असतो. हे दिसलं की रागाची धार थोडी बोथट होते. क्षमेची पहिली पायरी बहुधा हीच असावी.

कैदेतली दोन वर्षं

वाझ यांनी कैदेत काय केलं? सुरुवातीला पहारा कडक होता. पुढे तो सैल झाला तसे त्यांनी तिथेच एक झोपडी उभारली आणि तिचंच प्रार्थनास्थळ केलं. ज्या राजानं कोंडलं त्याच्या प्रजेची भाषा, म्हणजे सिंहली, ते शिकू लागले. तमिळचा अभ्यास आधीच झाला होता. ही गोष्ट लहान वाटते, पण लहान नाही. मनात वैर धरून बसलेला माणूस शत्रूची भाषा शिकतो ती त्याच्या चुका काढायला. वाझ ती शिकले त्या लोकांच्या सुखदुःखाची विचारपूस करता यावी म्हणून. आपल्याकडे भाषेवरून घरं दुभंगल्याची उदाहरणं कमी नाहीत. कोंकणी बोलणाऱ्या या माणसानं परक्या बेटावर एकमेकांपासून दूर असलेल्या दोन भाषा आपल्याशा केल्या.

पुढे नगरीबाहेर न जाण्याच्या अटीवर त्यांना मोकळं केलं गेलं. त्याच सुमारास कँडीत मोठा दुष्काळ पडला. पाऊस येईना तेव्हा राजानं कॅथलिकांनाही प्रार्थना करायला सांगितलं, वाझ यांनी चौकात क्रूस उभारून प्रार्थना केली आणि पाऊस कोसळला, अशी आख्यायिका तिथले भाविक आजही सांगतात. कुणी ती चमत्कार म्हणून मानेल, कुणी योगायोग म्हणेल. एवढं मात्र खरं, की राजाच्या मनातला संशय हळूहळू उतरला आणि त्यांना राज्यात फिरायची परवानगी मिळाली. १६९६ नंतर गोव्याहून ओरेटरी संघाचे आणखी पाद्री मदतीला येऊ लागले. त्यांत वाझ यांचे भाचे जुझे कार्व्हाल्यो होते.

देवीची साथ

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. तेव्हा देवीवर औषध नव्हतं, लस तर शंभर वर्षं दूर होती. घरात कुणाला फोड आले की त्याला रानात नेऊन सोडायचं किंवा घरच सोडून पळायचं, असा प्रकार. राजा आणि दरबारी नगरी सोडून गेले. रस्त्यांवर प्रेतं पडू लागली.

वाझ आणि कार्व्हाल्यो थांबले. मोकळ्या पडलेल्या घरांत त्यांनी आजाऱ्यांना आणलं, रानात टाकून दिलेल्यांना शोधून काढलं. जखमा धुतल्या, पेज भरवली, घाण काढली. मेलेल्यांना पुरलं. समोरचा बौद्ध की ख्रिस्ती, सिंहली की तमिळ, हे पाहिलं नाही. पाच वर्षांपूर्वी याच नगरीनं त्यांना हेर म्हणून कोंडलं होतं. तेव्हा त्यांच्याकडे संशयानं पाहणारे किती जण आता त्यांच्या हातून पाणी पीत असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

मनात आणलं असतं तर त्यांना निघून जाता आलं असतं. राजाच पळालेला, अडवायला कोण होतं? नाहीतर ही नगरीच्या पापाची शिक्षा आहे, असं प्रवचन देता आलं असतं. धर्माच्या नावानं असं बोलणारे तेव्हाही होते नि आजही आहेत. वाझ यांनी हातात पाण्याचं भांडं घेतलं.

साथ ओसरल्यावर राजा परतला. सगळा प्रकार त्याला कळला. त्यानंतर राजाचा त्यांच्यावर पूर्ण विश्वास बसला आणि कामाला पूर्ण मोकळीक मिळाली. हेरगिरीच्या आरोपावर वाझ यांनी दिलेलं उत्तर हेच.

क्षमा म्हणजे काय, आणि काय नाही

ख्रिस्ती शिकवणीत क्षमेची एक गोष्ट फार प्रसिद्ध आहे. एका चाकराचं राजाकडे प्रचंड कर्ज असतं, कधीच न फिटणारं. राजाला दया येते, तो सगळं माफ करतो. बाहेर पडताच तो चाकर आपल्या सोबत्याचा गळा धरतो, किरकोळ रकमेसाठी. येशूनं ही गोष्ट सांगितली ती पेत्रानं विचारलेल्या प्रश्नानंतर : अपराध्याला किती वेळा क्षमा करायची, सात वेळा पुरे का? उत्तराचा आशय असा, की मोजदाद ठेवायचीच नाही. आपल्याला देवानं जे सोडलं त्याच्यापुढे आपण दुसऱ्याला सोडायचं ते फारच थोडं, अशी त्यामागची समज.

पण याचा एक चुकीचा अर्थही काढला जातो. क्षमा करायची म्हणजे मार खात राहायचं, गप्प बसायचं, अन्यायाला अन्याय म्हणायचं नाही. विशेषतः घरातल्या बायकांना, दुबळ्या माणसांना हा उपदेश नेमका ऐकवला जातो. वाझ यांचं आयुष्य हा अर्थ खोडून काढतं. त्यांनी डचांना क्षमा केली, पण त्यांची बंदी मानली नाही. ती मोडतच राहिले, वेश पालटून, रात्री-अपरात्री, शेवटपर्यंत. धाड पडली तेव्हा ते निसटले; मुद्दाम हाती सापडले नाहीत. आपण हेर आहोत हे त्यांनी कबूल केलं नाही. म्हणजे स्वतःला आणि आपल्या माणसांना वाचवणं, चुकीचा हुकूम न मानणं, खरं ते सांगणं, हे सगळं क्षमेत बसतं. बसत नाही ती एकच गोष्ट : समोरच्याचं वाईट व्हावं ही इच्छा.

दुसरं असं, की त्यांनी माफीची वाट पाहिली नाही. राजा येऊन हात जोडेल, मग सेवा करू, असा हिशोब ठेवला नाही. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. आधी त्यानं चूक मान्य करावी, मग बघू. त्यात वर्षं जातात, भाऊ भावाच्या तेराव्यालाही जात नाही. ख्रिस्ती दृष्टीनं क्षमा ही उधारी नाही, ती आधी द्यायची असते. क्रूसावर खिळे ठोकले जात असतानाच येशूनं ठोकणाऱ्यांसाठी प्रार्थना केली. त्यांच्यापैकी कुणी तोवर पश्चात्ताप केलेला नव्हता.

मात्र ज्याच्याकडून चूक झाली त्याची जबाबदारी त्यामुळे संपत नाही. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या लोकांनी इतिहासात केलेल्या पापांबद्दल जाहीरपणे देवाची क्षमा मागितली. धर्माच्या नावानं झालेल्या जबरदस्तीचाही त्यात समावेश होता. क्षमा करणाऱ्याची वाट आणि क्षमा मागणाऱ्याची वाट कुठेतरी भेटावी लागते, तेव्हा समेट पुरा होतो.

शेवट कँडीतच

वाझ पुन्हा कधी गोव्याला आले नाहीत. १७०५ मध्ये दिवाडीचे जाकोम गोन्साल्विस त्यांना येऊन मिळाले. पुढे त्यांनी सिंहलीत विपुल धार्मिक साहित्य लिहिलं. १७०७ मध्ये राजा विमलधर्मसूर्य वारला. नव्या राजानंही वाझ यांच्याशी स्नेह ठेवला. सततचा प्रवास, ताप, उपास यांनी शरीर खंगलं होतं. १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत त्यांनी प्राण सोडला. वय ५९. ज्या नगरीत ते कैदी म्हणून आले, त्याच नगरीत सगळ्यांचे म्हणून गेले.

२१ जानेवारी १९९५ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोलंबोत त्यांना धन्यवादित घोषित केलं. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर त्यांना संतपद दिलं. तेव्हा श्रीलंकेतलं यादवी युद्ध संपून सहा वर्षंही झाली नव्हती. १९८३ ते २००९ अशी सव्वीस वर्षं सिंहली आणि तमिळ एकमेकांच्या रक्तानं माखले होते. त्या मैदानावर प्रार्थना झाली ती सिंहलीत आणि तमिळमध्येही. कैदेतल्या झोपडीत बसून सिंहलीची अक्षरं गिरवणारा सांकवाळचा पाद्री त्या दिवशी दोघांचाही होता.